क्यू घट्ट धरू की सैल?

फोंड्याजवळच्या गावातून एका वाचकाचं मोठं पत्र आलं आहे. त्याचा गोषवारा असा.

वय 41, नोकरी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत. चौदाव्या वर्षी मामांनी पणजीच्या एका क्लबात हाताला धरून स्नूकर शिकवलं. मामा मूळचे बिलियर्ड्सचे खेळाडू. क्यूबद्दल, म्हणजे बॉल मारायच्या काठीबद्दल, पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "क्यू घट्ट धर, हातातून हलता कामा नये." ते वाक्य भाच्याने सत्तावीस वर्षं पाळलं. जवळचे बॉल छान जातात, तीस-पस्तीसचा ब्रेक (एका खेपेतले सलग गुण) होतो. पण लांबचा सरळ बॉल दहातून तीन-चारदाच जातो, सामना असला की तेवढाही नाही, आणि पावसाळ्यात खेळ आणखी बिघडतो. गेल्या वर्षी बावीस हजारांचा ॲश लाकडाचा क्यू घेतला, फरक पडला नाही. क्लबातला एक तरुण म्हणाला, "तुमची ग्रिपच चुकीची आहे." मग मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. एक जण सैल धरा म्हणतो, दुसरा घट्ट. दोन महिन्यांत सहा प्रकारे क्यू धरून झाला आणि आता जवळचे बॉलही चुकू लागलेत. दिवाळीनंतर आंतरक्लब स्पर्धा आहे. मामा आता 76 वर्षांचे आहेत. दर रविवारी क्लबात खुर्ची टाकून भाच्याचा खेळ बघतात, कधी मूड लागला तर स्वतःही दोन-चार बॉल खेळतात. "त्यांचा क्यू हातात नुसता टेकल्यासारखा दिसतो आणि बॉल मात्र हवा तिथे जातो," असं पत्रात ओघात लिहिलं आहे. प्रश्न दोन आहेत: ग्रिप मुळापासून बदलू का? आणि बदलली तर मामांना काय सांगू? "त्यांनी शिकवलेलं त्यांच्या डोळ्यांदेखत मोडायचं मन होत नाही."

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. स्नूकरचं टेबल बारा फुटांचं असतं आणि त्यावर चुकलेला लांबचा बॉल पॉकेटाच्या तोंडाशी जाऊन बसतो, सगळ्यांना दिसेल असा. ती चुटपुट मला ठाऊक आहे. म्हणून आधी एवढंच सांगतो की सहा ग्रिप करून पाहिल्या त्या आता पुरे. आजपासून दोन आठवडे क्यू तुमच्या जुन्याच पद्धतीने धरा. पुढचं सगळं त्यानंतर.

दोष ग्रिपमध्येच आहे हे ठरवलं कोणी? क्लबातल्या तरुणाने. त्याने हात पाहिला आणि हात त्याला वेगळा दिसला. पण वेगळा हात म्हणजे चुकीचा हात असं या खेळात होत नाही. स्नूकरपटू जो डेव्हिस यांची एका डोळ्याची नजर अधू होती, म्हणून ते क्यू हनुवटीच्या मधोमध न ठेवता चांगल्या डोळ्याखाली ठेवायचे. आजच्या एखाद्या शिक्षकाने त्यांना पहिल्याच दिवशी सुधारलं असतं. 1927 ते 1946 या काळात ते पंधरा वेळा जगज्जेते झाले. शरीर ज्याचं त्याचं असतं. बघायचं ते एवढंच, की क्यूची टिप, म्हणजे पुढचं टोक, पांढऱ्या बॉलच्या ज्या ठिकाणी लागायला हवी तिथे लागते का, आणि त्यातून सरळ पुढे जाते का.

ते टेबललाच विचारता येतं. पांढरा ब्राउनच्या स्पॉटवर, म्हणजे टेबलवरच्या त्या बॉलच्या ठरलेल्या खुणेवर, ठेवा. टेबलवर दुसरा बॉल नको. बरोबर मधोमध, मध्यम वेगाने, निळा, गुलाबी आणि काळा यांच्या स्पॉटवरून टॉप कुशनकडे, म्हणजे काळ्याच्या टोकाच्या कडेकडे, मारा. फटका सरळ लागला असेल तर पांढरा त्याच तीन स्पॉटवरून परत येऊन तुमच्या टिपेला भेटतो. असे वीस फटके मारा आणि प्रत्येक वेळी तो कुठे परतला ते कागदावर टिपा. ही कसोटी जुनी आहे, बहुतेकांना माहीत असते. पण लोक किती वेळा जमलं तेवढंच मोजतात आणि मोलाची माहिती वाया घालवतात. चुकलेले फटके नीट बघायचे असतात. वीसपैकी बहुतेक वेळा पांढरा एकाच बाजूला परतत असेल, तर तुमचा हात प्रामाणिक आहे. तो सांगितलेलं करतो आहे, त्याला सांगितलंच चुकीचं जातंय. दोष उभं राहण्यात, नजरेत किंवा टिप मधोमध ठेवल्याच्या भासात आहे, आणि ग्रिप शंभर वेळा बदलली तरी तो जाणार नाही. पण पांढरा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असा विखरून येत असेल, तर मारताना क्यू हलतो आहे. मग हाताकडे वळायला हरकत नाही.

मात्र त्याआधी टेबल सरळ आहे ना ते पाहा. एक बॉल अगदी हळू घरंगळत सोडा. शेवटच्या फूटभरात वाकडा वळला तर दुसऱ्या टेबलवर कसोटी घ्या.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की तुमचे फटके विखरतील. जवळचे बॉल जातात आणि लांबचे चुकतात, याचा अर्थ चूक बारीक आहे, अंतर तिला मोठी करतं. हिशेब करून पाहा. सहा फुटांवरच्या बॉलकडे जाताना पांढरा फक्त एक अंशाने बाजूला गेला, तर तिथे पोहोचेपर्यंत 32 मिलीमीटर सरकलेला असतो. बॉलचा व्यासच 52.5 मिलीमीटर. म्हणजे पूर्ण समोरून भिडायचा बॉल अर्ध्याहूनही कमी भिडतो. हाच एक अंश दीड फुटावर आठ मिलीमीटर होतो. जवळचा बॉल पॉकेटच्या तोंडाशी असेल तर तेवढं खपून जातं. तेव्हा तुमचा खेळ मुळातून बिघडलेला नाही. दहातून तीन-चार जातात, ते बिघडलेल्या हाताने जात नसतात.

आता हाताबद्दल. घट्ट की सैल, या प्रश्नात एक गृहीत दडलेलं आहे: पकड म्हणजे एकदा ठरवून शेवटपर्यंत तशीच ठेवायची गोष्ट. तसं असतं तर ते दोन व्हिडिओवाले एकमेकांविरुद्ध ठरले असते. पण एक जण वाकून नेम धरतानाची पकड सांगतो आहे, दुसरा बॉलला टिप लागतानाची. मधल्या सेकंदभरात हात बदलतो, बदलायलाच हवा.

कारण असं. कोपर स्थिर ठेवून हात मागे-पुढे केला की मूठ झोपाळ्यासारखी कमानीत जाते, मागे गेली की वर चढते. क्यू मात्र जमिनीला जवळजवळ समांतर राहायला हवा. हा फरक कुठेतरी जिरावा लागतो आणि तो बोटांत जिरतो. क्यू मागे जाताना करंगळी आणि तिच्याजवळचं बोट उघडतात, तो पुढे येताना आपोआप मिटतात. पाचही बोटं शेवटपर्यंत आवळून ठेवली तर क्यूचं बूड वर उचललं जातं, टिप खाली दबते, आणि मनगटाचे ताणलेले स्नायू क्यूला जरासा एका बाजूला पिळतात. तो पीळ म्हणजेच वर सांगितलेला एक अंश.

चवथीला आरतीत घुमट, ते मातीचं चामडं ताणलेलं वाद्य, वाजवता असं तुम्ही लिहिलंय. मग तुम्हाला हे नव्याने शिकवावं लागणार नाही. उजवा हात चामड्यावर पडतो तेव्हा मागच्या तोंडाशी असलेला डावा हात काय करत असतो? उघडतो, मिटतो, नाद मोकळा करतो, दाबतो. तो कधी आवळत नाही आणि कधी सोडूनही देत नाही. क्यूवरच्या मागच्या बोटांचं काम त्याच जातीचं आहे. पुढच्यांचं वेगळं: तर्जनी आणि मधलं बोट यांचा आकडा करून क्यू त्यावर टांगायचा, तळव्यात रुतवायचा नाही. अंगठा सरळ जमिनीकडे. जोर किती, तर मागून कोणी क्यू हळूच ओढला तर तो सरकत निघून यावा, पण आपण होऊन निसटू नये, इतका.

उलट टोकाला जाणंही वाईट, आणि आजकाल ते जास्त दिसतं. "सैल, सैल" ऐकून काही जण क्यू बोटांवर नुसता तरंगत ठेवतात. मग नेमक्या फटक्याच्या क्षणी हाताला भीती वाटते आणि तो क्यूवर झडप घालतो. ती झडप आवळलेल्या मुठीपेक्षा घातक, कारण ती दर वेळी वेगळी असते.

तुमच्या बाबतीत मला एक शंका आहे, आणि लहानपणी शिकलेल्या सगळ्यांनी ती तपासावी. चौदाव्या वर्षी तुमचा हात आखूड होता, म्हणून क्यू बराच पुढे धरला असेल. अंग वाढलं, पण क्यूवरची जागा वाढली का? सवयीचा हात बहुधा जुन्या जागीच जाऊन बसतो. कोणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा, टिप पांढऱ्याला जवळजवळ टेकलेली असताना. कोपरापासून मुठीपर्यंतचा हात गवंड्याच्या ओळंब्यासारखा सरळ खाली लोंबला पाहिजे. मूठ कोपराच्या पुढे, म्हणजे टिपेच्या बाजूला दिसली तर पकड दोन-तीन इंच मागे न्या. फटका मारायला हाताला जागाच कमी उरली असेल तर तो पुढे ढकलण्यासाठी आवळतो, आणि मग तुम्ही बोटांना दोष देत बसता. मी शिकवलेल्या कितीतरी जणांचं घट्टपण फक्त जागा बदलल्यावर गेलं. बोटांना हातही लावावा लागला नाही.

तसंच पुढच्या हाताचं. टेबलवर टेकलेल्या हाताचा क्यूला आधार, म्हणजे ब्रिज, डळमळीत असेल तर मागचा हात त्याची भरपाई करायला आवळतो. बोटं पसरून त्यांची टोकं कापडात रोवा, अंगठा वर उचलून त्याची खाच करा. पांढऱ्यापासून खाचेपर्यंत साधारण वीतभर ते फूटभर अंतर पुष्कळ झालं.

पावसाळ्यात खेळ बिघडतो ही तक्रार गोव्यात सगळीकडे ऐकू येते, आणि ती मनाची नाही. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. हवेतला ओलावा लोकरीच्या कापडात शिरतो, टेबल जड होतं, मे महिन्यात तरंगत जाणारा बॉल ऑगस्टमध्ये अर्ध्यात थांबतो. खेळाडू काय करतो? जोर लावतो. जोर लावायचा ठरवलं की हात आपोआप आवळतो. चार महिने ही सवय अंगात मुरते आणि ऑक्टोबरात टेबल पुन्हा हलकं झालं तरी मूठ उघडत नाही. यावर उपाय असा, की जास्त वेग हवा असेल तेव्हा मुठीचा जोर न वाढवता क्यू थोडा जास्त मागे न्या आणि शेवटी छातीला मूठ टेकेपर्यंत जाऊ द्या. वेग लांबीतून काढा. क्लबाला विनंती करून टेबल ब्रश झाल्यावर बॉल्ककडून (ब्राउनच्या टोकाकडून) काळ्याच्या दिशेने, म्हणजे लव बसते त्या दिशेने, इस्त्री करून घ्या. ओलावा बराच निघतो. घामट हवेत क्यू ब्रिजवर चिकटतो तेव्हा कोरड्या फडक्याने पुसा. पावडर लावू नका, ती कापडावर उतरते.

नव्या क्यूबद्दल फार लिहीत नाही. तो चांगलाच असणार. फक्त गाडीच्या डिकीत आणि भिंतीला टेकवून ठेवू नका, वाकेल.

आता तो भाग, ज्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत: सामन्यात तेवढेही जात नाहीत. मला वाटतं खरी गाठ इथे आहे. सात वेळा जगज्जेता झालेला स्टीफन हेन्ड्री कारकिर्दीच्या उत्तरार्धात एका त्रासाने हैराण होता. क्यू बॉलमधून बेधडक पुढे जायचा थांबला, हात ऐन वेळी अडखळू लागला. त्याने स्वतः हे उघडपणे सांगितलं आहे. त्याला काय पकड माहीत नव्हती? बॉल चुकेल या धास्तीने हात क्यूला थांबवू पाहतो, आणि थांबवायचं साधन हाताकडे एकच आहे, आवळणं. म्हणून घट्ट मूठ हे पुष्कळदा मूळ दुखणं नसतं, ते दुखण्याचं लक्षण असतं. सरावात ती त्यामानाने सैल असते आणि सामन्यात आवळते, याचा अर्थ सैल धरायला तुम्हाला येतं.

अशा वेळी "हात सैल ठेव" असं मनाला बजावू नका. लक्ष हाताकडे गेलं की हात आखडतो. त्याऐवजी एक ठराविक क्रम लावून घ्या आणि तो सोडू नका. उभं राहून रेषा पाहायची, मगच वाकायचं. दोन-तीन वेळा क्यू पुढे-मागे. टिप पांढऱ्याजवळ थांबवून ती मधोमध आहे ना ते पाहायचं. क्यू सावकाश मागे न्यायचा, तिथे क्षणभर थांबायचं, आणि नजर ज्या बॉलला मारायचं आहे त्यावर ठेवून पुढे जायचं. मागच्या टोकाचा तो क्षणभराचा थांबा आवळलेल्या हाताला फार उपयोगी पडतो, कारण घाईत झडप घालायला वाव राहत नाही. फटक्यानंतर बॉल पॉकेटात जाईपर्यंत खालीच राहा. डोकं उचलायची घाई झाली तर खांदा हलतो, खांद्याबरोबर क्यू.

स्पर्धेचं काय? तुमच्यापुढे वाटा तीन. जसं आहे तसं खेळणं, सगळं मोडून नव्याने बांधणं, किंवा एकच गोष्ट बदलणं. पहिलीत गैर काही नाही, पण तुमचं मन आता त्यात रमणार नाही. दुसरी स्पर्धेच्या तोंडावर नको. 41व्या वर्षी हात बदलत नाही असं मी मुळीच म्हणत नाही, पण नवी हालचाल अंगवळणी पडायला महिने जातात, आणि मधल्या काळात जुनी गेलेली असते, नवी आलेली नसते. सध्या तुमची तीच अवस्था आहे. माझ्या तिशीत मी हा घोळ घातला होता. तीन शिक्षकांचं ऐकून दर आठवड्याला हात बदलला आणि दोन मोसम हकनाक गेले. म्हणून तिसरी वाट. पहिले दोन आठवडे फक्त कसोटी आणि फोटो. त्यातून जी एक गोष्ट सर्वांत ठळक दिसेल, बहुधा पकडीची जागा, तेवढीच बदला आणि पाच-सहा आठवडे दुसऱ्या कशालाही हात लावू नका. शेवटचे दोन आठवडे तंत्राचा विषय बंद, नुसत्या फ्रेम (पूर्ण डाव) खेळा.

घरीही सराव होतो. जेवणाच्या टेबलवर सोड्याची रिकामी बाटली आडवी ठेवा, दोन्ही बाजूंनी पुस्तकं लावून. तिच्या तोंडासमोर ब्रिज करा आणि क्यूची टिप काचेला न लागता आत-बाहेर करा. रोज दहा मिनिटं. आवाज झाला की बोटं कुठे आवळली ते तिथल्या तिथे कळतं. क्लबात गेल्यावर लांबचा सरळ बॉल स्टन मारून, म्हणजे धडकेनंतर पांढरा तिथेच थांबेल असा, पाहा. बॉल गेला आणि पांढरा जागच्या जागी थांबला तर छान. थांबला पण भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत राहिला, तर बॉल गेला असला तरी टिप मधोमध लागलेली नाही. तो बॉल जमला असं धरू नका.

जे वाचक कळंगुटकडच्या पूल टेबलवर शिकून स्नूकरकडे वळले आहेत त्यांनाही हेच लागू. पूलची टिप जाड असते आणि पॉकेट उदार. तिथे खपलेला पीळ इथे खपत नाही. नव्या टेबलवर पहिले काही आठवडे जोराचे फटके टाळा. आणि ज्यांचा अंगठ्याचा सांधा दुखतो त्यांनी अंगठ्यावर भार न देता क्यू पुढच्या दोन बोटांवर पेलावा.

राहिले मामा. तुम्ही म्हणता, त्यांचं शिकवलेलं मोडतोय. मला तुमच्याच पत्रातलं वाक्य तुमच्यापुढे ठेवायचं आहे: "त्यांचा क्यू हातात नुसता टेकल्यासारखा दिसतो." सत्तावीस वर्षं तुम्ही मामांचे शब्द पाळलेत. त्यांचा हात वेगळंच सांगत होता. चौदा वर्षांच्या पोराच्या हातात क्लबाच्या रॅकमधला जड क्यू होता आणि तो निसटून कापड फाटू नये म्हणून त्यांनी घट्ट धर म्हटलं असणार. त्या दिवसापुरतं ते बरोबरच होतं. विल्सन जोन्स 1958 मध्ये कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, भारताचे पहिले. त्यानंतर आपल्याकडे जी पिढी बिलियर्ड्स शिकत मोठी झाली त्यातले मामा. त्या खेळात कॅनन (मारलेला बॉल उरलेल्या दोन्ही बॉलना भिडणं) जुळवायला बॉल इंच-दोन इंच हलवावे लागतात, आणि आवळलेल्या मुठीने ते होत नाही. मामांना हे हाताने येतं, त्यांनी कदाचित कधी शब्दांत मांडलं नसेल. आपल्या मोठ्या माणसांपैकी पुष्कळांचं असंच असतं.

तेव्हा ग्रिप बदलण्याची परवानगी मागू नका, आणि लपवूही नका. येत्या रविवारी त्यांच्या हातात तुमचा नवा क्यू द्या. "मामा, मागची बोटं काय करतात ती बघायचीयत," एवढंच म्हणा आणि त्यांच्या हाताचा जवळून व्हिडिओ काढा. तुमच्या फोनमध्ये आहेत त्यापेक्षा तो कामाचा निघेल. मग त्यांची खुर्ची बाजूच्या भिंतीकडून उचलून काळ्याच्या टोकाला, टॉप कुशनच्या मागे मांडा. ब्राउनच्या स्पॉटवरून तुम्ही मारायला लागलात की टिप नेमकी त्यांच्याकडे तोंड करून येईल. ती सरळ आली की वळली, हे तुम्हाला खाली वाकून कधीच दिसणार नाही, त्यांना दिसेल. वही त्यांच्याकडे द्या. वीस फटके, आणि प्रत्येकासमोर त्यांनी लिहायचं: डावा, उजवा, सरळ.